फुगलेल्या पोटाला आधी वेळ विचारा

"पोट फुगतं," मी म्हणालो. दादरच्या त्या लहानशा दवाखान्यात वैद्यबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "कधी?"

"नेहमीच."

"नेहमीच म्हणजे किती वाजता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवीत तीन डब्या मात्र होत्या. एक हिंग्वाष्टक, ऑफिसातल्या मित्राने सुचवलेलं. दुसरं अविपत्तिकर, मावशीने पाठवलेलं. तिसरं 'पोट साफ' करणारं चूर्ण, जे मेडिकलवाल्याने न मागता पुढे केलं होतं. तिन्ही मी आलटूनपालटून घेत होतो. बाईंनी डब्या टेबलावर ओळीने मांडल्या, एकेकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "हे अग्नी वाढवतं, हे पित्त खाली काढतं, हे जुलाब करतं. तुम्हाला नक्की काय करायचंय?"

आपल्याकडे 'गॅस झालाय' म्हटलं की निदान झालं. मग ओवा, हिंग, सोडा, चूर्ण यातलं हाताशी येईल ते. पोटात गुबारा धरण्याची कारणं निदान पाच-सहा तरी असतात, आणि एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्यात उलटं जातं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी हे नीट ओळखलं होतं. डबीवर लेबल चिकटवताना तेवढं मागे राहिलं.

पोटात असतं तरी काय

निरोगी माणसाच्या आतड्यात कोणत्याही क्षणी साधारण 200 मिलिलिटर वायू असतो, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढा. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर वायू खालून बाहेर पडतो, दहा-वीस वेळा. हे सगळ्यांचंच आहे, कुणी कबूल करो न करो. यातला काही भाग आपण गिळलेली हवा असते. बाकीचा बराचसा मोठ्या आतड्यातले जिवाणू तयार करतात, कारण जे लहान आतड्यात पचत नाही ते त्यांच्या ताटात पडतं. डाळी-कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाहीच. गहू, कांदा आणि लसणातले फ्रुक्टॅन तसेच. मोठेपणी अनेक भारतीयांना दुधातली साखर पुरती पचत नाही, तेही तसंच. पावभाजीची प्लेट या हिशेबाने बघितली तर पाव, कांदा, लसूण, वाटाणा: जिवाणूंची पंगत.

पण गंमत अशी की पोट ढोलासारखं झालेल्या अनेकांच्या आतड्यात वायू मोजला तर तो इतरांएवढाच भरतो. फरक असतो तो आतड्याच्या संवेदनशीलतेत. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या ताणाने त्यांना तडस लागते. काहींच्या बाबतीत जेवणानंतर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, खाली सरकतं आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे जास्तीचा वायू नसतानाही पट्ट्याचं एक भोक ढिलं करावं लागतं. अशा माणसाने कितीही वायुनाशक चूर्ण खाल्लं तरी नाश करायला वायू आहे कुठे?

म्हणून वेळ महत्त्वाची. ढोबळमानाने सांगायचं तर जेवता जेवता किंवा उठल्याबरोबर पोट गच्च होत असेल आणि ढेकरा येत असतील, तर घाईत गिळलेली हवा, सोडा किंवा जठराचं सुस्त काम यांच्याकडे आधी बघावं. दोन-चार तासांनी खालच्या पोटात गुडगुड सुरू होत असेल तर काय खाल्लं होतं ते आठवावं. सकाळी सपाट असलेलं पोट दिवसभर चढत जाऊन रात्री नगारा होत असेल, तर बद्धकोष्ठ आहे का ते तपासावं. रोज शौचाला होतं म्हणजे पोट साफ आहे असं मुळीच नाही.

चार अजीर्णं, चार उपाय

आयुर्वेद पचनाची कथा अग्नीच्या भाषेत सांगतो. अग्नी चार तऱ्हेचा: सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. अन्न धरून ठेवून पचवायला मदत करणारा समान वायू, आणि मळ, मूत्र, वारा खाली ढकलणारा अपान. अपानाची वाट अडली की वारा सरत नाही, पोट ताठतं. त्याला आध्मान म्हणतात. ही भाषा शब्दशः आजच्या शरीरशास्त्रात बसवायची खटपट करू नये. समान म्हणजे अमुक नस, असे तक्ते फिरत असतात, ते सोडून द्यावेत. पण पाहणी म्हणून ती बारकाईची आहे.

अजीर्णाचंच घ्या. सुश्रुतसंहितेत त्याचे प्रकार लक्षणांवरून वेगळे केले आहेत. आमाजीर्णात अंग जड, मळमळ, आणि जे खाल्लं त्याच वासाचे ढेकर. विदग्धात आंबट, करपट ढेकर, जळजळ, तहान. विष्टब्धात पोट फुगतं, दुखतं, मळ आणि वारा दोन्ही अडतात. रसशेषात ढेकर शुद्ध येतो तरी जेवणावर वासना नसते. आणि उपाय? आमाला लंघन, विदग्धाला वमन, विष्टब्धाला शेक, रसशेषाला झोप. सुरुवातीच्या या चार उपायांत चूर्णाची एकही डबी नाही. वमन वैद्याच्या देखरेखीखालची गोष्ट आहे, घरी बोटं घालून करायची नव्हे. पण उरलेली तीन कामं फुकटात होतात, आणि नेमकी तीच आपण करत नाही. पोट गच्च असलं तरी 'थोडं काहीतरी खाऊन घे' हा आग्रह आपल्या घरांत अग्नीपेक्षा प्रबळ असतो.

हिंग्वाष्टक, पहिल्या घासाला

आता डबीकडे. हिंग्वाष्टकात आठ द्रव्यं: सुंठ, मिरी, पिंपळी, ओव्याच्या जातीची अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग. अष्टांगहृदयात हा पाठ येतो आणि तिथेच तो कसा घ्यायचा तेही सांगितलं आहे: तुपाबरोबर, जेवणाच्या पहिल्या घासात. लोक मात्र पोट फुगल्यावर, जेवणानंतर तासाभराने, चमचाभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर ढोसतात. मीही तेच करायचो.

बाईंनी करून दाखवलं. वाटीत दोन घास गरम भात, त्यावर अर्धा चमचा पातळ तूप, तुपावर पाव चमचा चूर्ण. बोटांनी नीट कालवलं की भात किंचित करडा होतो. वास आधी हिंगाचा येतो आणि मागून शहाजिऱ्याचा. तोंडात घातल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला मिरी चढते आणि लाळ सुटते. लाळ सुटणं हीच पचनाची पहिली घंटा. कोरडं चूर्ण पाण्याबरोबर गिळताना यातलं काही होत नाही, उलट घशात ठसका लागतो.

यातल्या द्रव्यांवर वेगवेगळं बरंच काम झालं आहे. सुंठीने जठर लवकर रिकामं होतं हे माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत दिसलंय. शहाजिऱ्याचं तेल पुदिन्याच्या तेलाबरोबर दिल्यावर जेवणानंतरचा जडपणा कमी झाला, अशा चाचण्या जर्मनीत झाल्या आहेत. ओव्यातलं थायमॉल आणि बडीशेपेतलं अ‍ॅनेथोल आतड्याचे आवळलेले स्नायू सैल करतं, हे मुख्यतः प्रयोगशाळेतलं. अख्ख्या हिंग्वाष्टकावर मात्र मोठ्या, काटेकोर चाचण्या फारशा नाहीत. तेव्हा 'शास्त्रोक्त, म्हणून सिद्ध' असंही म्हणू नये आणि 'आजीबाईचा बटवा' म्हणून हसूही नये. भूक मंद, जेवल्यावर जडपणा, वारा अडलेला, जळजळ नाही: अशा माणसाने आठ-पंधरा दिवस करून बघण्यासारखं ते आहे. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ असलेल्याने त्रिकटूच्या, म्हणजे सुंठ-मिरी-पिंपळीच्या, नादी लागू नये. आगीत तूप ओतल्यासारखं होईल, आणि तूप तर त्यात आहेच.

बाकीची मंडळी झटपट. ओवा जेवणानंतरच्या मुरड्याला, चिमूटभर, सैंधव लावून चावून. बडीशेप सौम्य, उष्ण प्रकृतीलाही चालते. बाळंतशोपा नावाप्रमाणे बाळंतिणीची, पण थोरांनाही चालते. बाळांच्या जुन्या ग्राइप वॉटरमधलं शेपूचं तेल तिच्याच बियांचं. त्रिफळा, म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, याचं काम कोठा हळूहळू वळणावर आणणं, फुगलेलं पोट तासाभरात उतरवणं नव्हे. ताज्या ताकात जिरे-सैंधव घालून जेवणाबरोबर घेतलं तर अनेकांना बरं वाटतं, पण दूध बाधणाऱ्याने स्वतःवर पारखून घ्यावं.

अविपत्तिकराबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मुंबईत ते पेपरमिंटसारखं खाल्लं जातं. त्याच्या मूळ पाठात अकरा द्रव्यं समभाग, त्यांच्या बेरजेएवढी लवंग, या सगळ्याच्या दुप्पट निशोत्तर आणि मग एकूण होईल तेवढी साखर. हिशेब केला तर अर्धी डबी साखर आणि एक तृतीयांश निशोत्तर, जे रेचक आहे. मावशीला मधुमेह आहे. तिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणूनच गोड लागतं होय!"

'पोट साफ' चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. एखाद्या दिवशी ठीक. रोज घेतली की मुरडा येतो, जुलाबातून क्षार जातात, आणि तिच्याशिवाय सकाळ होत नाही अशी सवय मनाला तरी नक्कीच लागते. मुरड्याने पोट आणखी गुडगुडतं, मग त्यावर हिंग्वाष्टक. माझा तिसऱ्या डबीचा धंदा हाच होता. आणि शंखवटी ही 'साधी गोळी' नव्हे. तिच्या प्रचलित पाठात पारा, गंधक आणि शुद्ध केलेला बचनाग असतो. ती वैद्याच्या हातूनच घ्यावी.

लोकल, आणि अडवलेला वेग

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे, 'न वेगान् धारणीय'. शरीराचे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असं त्यात सांगितलं आहे: मूत्र, मळ, अपानवायू, ढेकर, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप आणि इतर. चरकाने 7:52 ची बदलापूर फास्ट पाहिली नव्हती. ज्या गाडीत दीड तास शौचालय नाही, पाय ठेवायला जागा नाही, आणि समोरच्याचा खांदा नाकाला लागलेला आहे, तिथे माणूस एक नाही, चार वेग एकदम अडवतो. रोज अडवलेला मळ मोठ्या आतड्यात पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, तो कडक होतो, आणि त्याच्या मागे वायू साचतो. आतड्याला 'आत्ता नाही' हे पुन्हा पुन्हा सांगितलं की ते सांगणंच सोडून देतं.

दुसरी मुंबईकर सवय म्हणजे अखंड तोंड हलवणं. स्टेशनवर कटिंग, ऑफिसात बिस्किट, अकराला सामोसा, चारला भेळ, गाडीत शेंगदाणे. उपाशीपोटी जठर आणि लहान आतड्यात दर दीड-दोन तासांनी एक झाडलोट करणारी लाट फिरते. काही खाल्लं की ती थांबते. सारखं खात राहिलं तर झाडूवाल्याला गल्लीत शिरायलाच मिळत नाही. आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं याला आयुर्वेदात 'अध्यशन' असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो शिव्यांच्या यादीत येतो म्हणा ना. चरकानेच पोटाचे तीन भाग कल्पून एक घट्ट अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वातादी दोषांच्या हालचालीला मोकळा ठेवायला सांगितलं आहे. थाळीवाल्यांना हे परवडणारं नाही.

आपल्या स्वयंपाकघरानेही निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी फेकून फडक्यात बांधायचे, मोड आले की सोलायचे, आणि मग हिंग-ओव्याच्या फोडणीवर बिरडं. भिजवण्यात आणि मोडांत त्या त्रासदायक साखरा बऱ्याच कमी होतात, उरलेल्याला हिंग-ओवा आणि वर कोकमाची आंबट साथ. घाईत कुकरच्या पाच शिट्ट्यांवर शिजवलेल्या छोल्यांना ही वागणूक मिळत नाही, आणि मग दोष छोल्यांवर येतो.

हिंग विकत घेताना

लालबागच्या मिरची गल्लीत किंवा मशीद बंदरात हिंग मागितला तर दुकानदार विचारतो, "कच्चा की बांधणी?" डबीतला बांधणी हिंग म्हणजे राळेत डिंक आणि पीठ मिसळलेला. पीठ बहुधा गव्हाचं. गव्हातल्या ग्लूटेनची खरी बाधा असलेल्याने लेबल वाचावं, तांदळाचं पीठ घातलेलाही मिळतो. कच्चा हिंग इतका जहाल असतो की डबीबाहेर ठेवला तर कपाटातले कपडे महिनाभर फोडणीचे वास देतात. तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. भारतात हिंगाचं रोप लावण्याचा सरकारी प्रयत्न 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये झाला, पालमपूरच्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने. हजारो वर्षं आपण ज्याला आपला म्हणतोय तो मसाला परदेशीच निघाला. चूर्णात घालण्यापूर्वी हिंग तुपात फुलवून घेतात. कच्चा घातला तर मळमळतं.

चूर्णाच्या डबीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी, बॅच आणि मुदत बघावी. नुसतं 'हर्बल' लिहिलेलं, वजनावर सुटं मिळणारं, घटक न सांगणारं चूर्ण घरात आणू नये. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बॉस्टन भागात विकली जाणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यात भस्मयुक्त औषधं होती आणि साध्या वनस्पतींचीही. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. वाद कुठेही जावो, आपल्यापुरतं इतकं पुरे की 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार' हे वाक्य खोटं आहे.

रक्तदाब असलेल्याने सैंधव किंवा पादेलोण पडलेली चूर्णं मोजून घ्यावीत आणि ज्येष्ठमध तर विचारल्याशिवाय नकोच, ते रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम घटवतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसूण-सुंठीच्या औषधी मात्रा डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात. थायरॉइडची गोळी आणि कोणतंही चूर्ण एकत्र घेऊ नये, मध्ये काही तास सोडावेत. गरोदरपणी फोडणीतला हिंग ठीक, चमच्यातला नाही. आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून पोट फुगत असेल, तर चूर्ण शोधण्याआधी गोळी देणाऱ्यालाच सांगा.

आणखी एक गोष्ट, ती लांबवत नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका रात्री दोन वाजता 'गॅस वर चढलाय' म्हणून ओवा चावत बसले होते. घाम येत होता, जबडा दुखत होता. सुनेने ओव्याची वाटी हातातून काढून घेतली आणि सरळ रिक्षा बोलावली. गॅस नव्हता, हृदय होतं. ते वाचले. वजन उतरत जाणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, गिळताना अडणं, थांबत नसलेली उलटी, झोपेतून उठवणारी दुखणी, कावीळ, अंगात रक्त कमी होणं: यातलं काही सोबत असेल तर घरगुती उपाय बंद आणि तपासणी सुरू. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगायला लागलं, दोन घासांत पोट भरायला लागलं, तर बीजांडकोशाची सोनोग्राफी करून घ्यावी. 'वयानुसार गॅस होतो' असं सांगून तिला घरी बसवू नये. आयुर्वेदाच्याच दाराने जायचं असेल तर वरळीचं सरकारी पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे, तिथली ओपीडी खिशाला झेपते.

मला बाईंनी चूर्ण दिलं नाही, आठ दिवसांची वही दिली. काय खाल्लं ते नाही, फक्त वेळा लिहायच्या: जेवण, फुगणं, शौच, आणि शौचाची भावना होऊनही गेलो नाही ती वेळ. पाचव्या दिवसापर्यंत शेवटचा रकानाच सगळ्यात भरला होता. रोज एकाच सुमारास, ठाणं गेल्यावर. फुगणं साडेअकराला.

वही बघून त्यांनी सोनामुखीची डबी कचऱ्यात टाकली, अविपत्तिकर मावशीला परत पाठवू नका म्हणाल्या, आणि हिंग्वाष्टक दुपारच्या पहिल्या घासापुरतं ठेवलं. गजर चाळीस मिनिटं अलीकडे आणायला सांगितला. उठल्यावर कोमट पाणी, आणि घाई न करता पंधरा मिनिटं बसणं. पहिले चार दिवस नुसता बसून राहिलो. दहाव्या दिवशी 7:52 पकडली तेव्हा ठाणं कधी गेलं ते कळलं नाही.